१६४ पौंडांचं घर

आयुष्यभर बँकेत कर्जाचे अर्ज तपासलेल्या माणसाला एक खोड लागते. चरित्र वाचायला घेतलं तरी तो आधी जमाखर्चाचं पान शोधतो. इजिप्तचे वास्तुशिल्पकार हसन फथी यांच्याविषयी जे लिहिलं जातं, त्यात घुमटांच्या सावल्या असतात, गारव्याची अंगणं असतात, गरिबांविषयीचा कळवळा असतो. ते सगळं खरंच आहे. पण त्यांचं पुस्तक वाचून झाल्यावर माझ्या डोक्यात ठाण मांडून बसला तो एक आकडा. १६४ पौंड.

गोष्ट १९४० च्या दशकातली. कैरोजवळची एज्बेत अल बसरी नावाची गरीब वस्ती पुराच्या लोंढ्यात वाहून गेली. रेड क्रेसेंटच्या कामात असलेल्या प्रतिष्ठित महिलांनी ती पुन्हा उभी करायचं मनावर घेतलं. फथी पुढे झाले. नुसती चित्रं दाखवून भागणार नाही हे ओळखून त्यांनी नमुन्याचं एक घरच बांधून दाखवलं. दोन मोठ्या खोल्या, झोपण्यासाठी कोनाड्यासारख्या दोन जागा, भिंतीतली कपाटं, ओसरी आणि भिंत घातलेलं ऐसपैस अंगण. सगळं मातीच्या कच्च्या विटांचं, छप्परसुद्धा. दिवस लागले ४० आणि खर्च आला १६४ इजिप्शियन पौंड. हा हिशेब त्यांनी आपल्या पुस्तकात लिहून ठेवला आहे, आणि त्याच्या पुढचा आकडाही. काम त्यांना मिळालं नाही. तिथे काँक्रीटची वीस घरं बांधली गेली आणि त्यांचा खर्च झाला २२,००० पौंड. घरटी ११०० पौंड पडले. म्हणजे जवळजवळ पावणेसात पट.

आता बाजाराचा नियम असा की स्वस्त आणि टिकाऊ माल पुढे जातो. मग इथे तो हरला कसा? समिती लबाड होती असं समजून मोकळं होता येत नाही. कारण हेच फथींच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा घडलं, निरनिराळ्या माणसांच्या हातून, निरनिराळ्या राजवटींत. एकच चेक दहा बँकांतून परत यावा, तसं.

हसन फथींचा जन्म २३ मार्च १९०० चा, अलेक्झांड्रियाचा. घरची जमीनदारी. पण वडिलांना खेड्याचा तिटकारा. खेडं म्हणजे माश्या, डास आणि दूषित पाणी, असं त्यांचं पक्कं मत. मुलांना तिकडे फिरकू द्यायचे नाहीत. आईचं बालपण मात्र खेड्यात गेलेलं. ती पाळलेल्या कोकराच्या, कबुतरांच्या गोष्टी सांगायची. मुलाच्या मनात त्यामुळे दोन खेडी तयार झाली. एक घाणेरडं, एक स्वर्गासारखं. स्वतःच्या घरची शेती त्यांनी पाहिली ती वयाची पंचविशी उलटल्यावर. खेड्याच्या ओढीनं ते शेतकी शिकायला निघाले, पण पीक कसं येतं, किती दिवसांत येतं हेही ठाऊक नसल्यानं प्रवेशाच्या तोंडी परीक्षेत बाद झाले. म्हणून वास्तुकलेकडे वळले आणि १९२६ मध्ये कैरोहून पदवीधर होऊन बाहेर पडले. एका परीक्षकानं थोडं दयेनं गुण दिले असते, तर इजिप्तला एक साधारण शेतकी अधिकारी मिळाला असता.

पहिल्याच नोकरीत एका शाळेच्या बांधकामावर देखरेख करायला त्यांना तल्खा या नाईलच्या खोऱ्यातल्या गावी पाठवलं. तिथली घाण, चिखल आणि माणसांची हलाखी पाहून हा सुखवस्तू घरातला तरुण हादरला. आईचं खेडं खोटं ठरलं होतं. पुढचं सारं आयुष्य ते खोटं खरं करून दाखवण्याच्या खटाटोपात गेलं, असं मला वाटतं.

१९३० पासून ते कैरोच्या ललित कला विद्यालयात शिकवू लागले. १९३७ मध्ये त्यांनी मातीच्या घरांच्या रंगीत आराखड्यांचं प्रदर्शन भरवलं. शहरी मंडळींना ते चित्र म्हणून आवडलं. प्रत्यक्ष बांधायची वेळ आली ती १९४१ मध्ये, बहतीम इथे, रॉयल सोसायटी ऑफ अॅग्रिकल्चरसाठी. महायुद्धानं लोखंड आणि लाकूड दोन्ही बाजारातून गायब केलं होतं. पायाखाली मात्र हवी तेवढी माती. भिंती झरझर वर आल्या आणि काम छपराशी येऊन अडलं.

मातीच्या घराचं खरं दुखणं छप्पर हेच. भिंत फुकटात होते. पण वर तुळया, वासे, फळ्या घालायच्या म्हटलं की पैसा लागतो, आणि इजिप्त हा लाकडाचा देश नाही. कमानदार छत घालावं तर विटा बसेपर्यंत खाली लाकडी आधार हवा, म्हणजे पुन्हा लाकूड. फथींनी आधाराविना छत घालून पाहिलं. ते कोसळलं. तेव्हा त्यांचे भाऊ अस्वान धरणाच्या कामावर अधिकारी होते. त्यांनी सांगितलं की तिकडचे न्युबियन गवंडी लाकडाचा एक तुकडाही न वापरता विटांची छतं घालतात.

फथी अस्वानला गेले. नाईलच्या पश्चिम काठावरच्या घर्ब अस्वान गावात त्यांना आईचं खेडं भेटलं. उंच, नीटनेटकी, पांढऱ्या आणि रंगीत भिंतींची घरं, वर मातीचीच कमानदार छतं. तिथल्या गवंड्यांकडून त्यांनी काम करवून घेतलं आणि बारकाईनं पाहिलं. युक्ती अशी. खोलीची एका टोकाची भिंत इतर भिंतींपेक्षा उंच घ्यायची. त्या भिंतीवर चिखलाच्या गाऱ्यानं कमानीची रेघ काढायची. पहिली कमान सरळ उभी करायची नाही, त्या भिंतीवर रेलून बसवायची. दुसरी पहिलीवर रेलते, तिसरी दुसरीवर. फडताळात पुस्तकं तिरकी लावतो ना, तसं. विटा पातळ आणि भुसा जास्त घातलेल्या, म्हणजे हलक्या. ओल्या असतानाच बोटानं त्यांच्या अंगावर चर ओढलेले, म्हणजे गारा घट्ट धरतो. कमानीचा आकार असा की साखळी दोन टोकांना धरून सोडावी आणि तो झोळ उलटा करावा. त्या आकारात वीट फक्त दाबली जाते, कुठे ताणली जात नाही. मातीला दाब सोसतो, ताण सोसत नाही. हे गणित त्या गवंड्यांनी कागदावर कधी मांडलं नव्हतं. हातात एक वाकस घेऊन दोघांनी दीड दिवसात एका खोलीचं छत पुरं केलं.

लक्सरजवळ दुसऱ्या रामसेसच्या मंदिरामागे धान्याची कोठारं आहेत. त्यांची छतं याच पद्धतीची, याच मातीची, आणि तीन हजार वर्षांपूर्वीची. त्यातली काही अजून उभी आहेत. मी कर्जाचे अर्ज पाहत असे तेव्हा मूल्यांकनाच्या अहवालात आरसीसी इमारतीचं आयुष्य साठ वर्षं धरायची पद्धत होती. मातीच्या भिंतीला वेगळं आयुष्य देण्याचा प्रश्नच नव्हता. ती कच्ची. कच्च्या घराला तारण म्हणून किंमत नाही, किंमत नाही म्हणून कर्ज नाही. ज्याला कमी कर्जात घर होणार होतं त्याला आम्ही कर्ज देत नव्हतो, आणि पक्कं घर बांध म्हटल्यावर त्याची ऐपत पुरत नव्हती. नियम जगभर थोड्याफार फरकानं असेच असतात.

बहतीमची घरं पाहून इजिप्तच्या पुरातत्त्व खात्याला फथी हवेसे वाटले. खात्यापुढे एक जुनाच पेच होता. लक्सरसमोर, नाईलच्या पश्चिम तीरावर, प्राचीन सरदार-दरकदारांच्या थडग्यांच्या टेकडीवर गुर्ना नावाचं गाव वसलं होतं. सुमारे ७००० माणसं. घराच्या खालीच थडगं. तळघरात उतरावं आणि दोन हजार-तीन हजार वर्षांपूर्वीची वस्तू वर आणावी, असा पिढ्यान् पिढ्यांचा धंदा. जोडीला नकली मूर्ती बनवणं, प्रवाशांना वाट दाखवणं, उत्खननावर मजुरी करणं. एकदा एका थडग्यातला कोरीव कामाचा अख्खा खडकच चोरीला गेला आणि सरकारनं ठरवलं की गाव हलवायचं. १९४५ मध्ये हे काम फथींकडे आलं. खालच्या सपाटीवर ५० फेद्दान जमीन घेण्यात आली. एक फेद्दान म्हणजे एकरापेक्षा थोडं जास्त.

आपल्या बाजूनं फथींनी कसूर केली नाही. सरकारी वसाहत म्हटलं की पट्टीनं आखलेल्या रांगा आणि एकसारखे खोके. त्यांनी ते साफ नाकारलं. तिथे 'बदाना' नावाची व्यवस्था असते, आपल्याकडच्या भावकीसारखी. दहा-वीस घरं, एक वडीलधारा. त्यांनी भावकीनुसार चौक पाडले आणि चौकाभोवती घरं ठेवली. प्रत्येक घर त्या कुटुंबाच्या गरजेप्रमाणे वेगळं. मशीद, बाजार, मुलांची शाळा, मुलींची शाळा, कारागिरांना हुन्नर शिकवण्याची जागा, उघडं नाट्यगृहसुद्धा. कालव्यात पोहून मुलांना बिल्हार्झिया हा रोग जडतो म्हणून त्यांच्यासाठी स्वच्छ पाण्याचं वेगळं तळं आखलं. वारा उंचावर पकडून खोलीत उतरवणारे 'मल्काफ' नावाचे झरोके बसवले. आणि या सगळ्यामागे एक अर्थशास्त्र होतं. मला ते त्यांच्या घुमटांइतकंच सुंदर वाटतं. शेतमजुराकडे रोकड नसते, पण हंगाम संपल्यावर रिकामे हात असतात. माती तर जमिनीतच आहे. मग घराचं भांडवल म्हणजे ते हात आणि ती माती. न्युबियन गवंड्यांनी सार्वजनिक इमारती बांधताना गावच्या पोरांना शिकवायचं, पोरांनी शेजाऱ्यांना. सरकारनं द्यायचा फक्त तंत्रज्ञ.

तीन हंगाम काम चाललं. १९४८ च्या सुमारास ते थांबलं. गावाचा काही भाग बांधून झाला होता, बराचसा कागदावर राहिला, आणि टेकडीवरचे बहुतेक लोक टेकडीवरच राहिले.

फथींनी याचा दोष सरकारी यंत्रणेला दिला, आणि पुरावे भरपूर दिले. सरकारी बांधकाम म्हणजे टेंडर आणि टेंडर म्हणजे कंत्राटदार. ज्या कामात सिमेंट नाही, लोखंड नाही, फक्त चिखल आणि मजुरी, त्यात कंत्राटदाराला काय सुटणार? एकूण खर्चाच्या टक्केवारीवर ज्याची फी ठरते तो तज्ज्ञ १६४ पौंडांच्या घरामागे कशाला लागेल? नियमाप्रमाणे साहित्याची खरेदी करायची, तर विटांत घालायच्या भुशासाठीही कागद फिरवावे लागत. मजुरांचा पगार वेळेवर येत नसे. भुसा नाही म्हणून विटा नाहीत, विटा नाहीत म्हणून गवंडी बसून. काम एका खात्याकडून दुसऱ्याकडे ढकललं जाऊ लागलं. यात कुणी पैसे खाल्ले असं समजायचं कारण नाही. ज्यानं काँक्रीट मंजूर केलं त्याची उद्या इमारत पडली तर चौकशीत तो सुटतो, कारण कोष्टकं त्याच्या बाजूनं असतात. ज्यानं माती मंजूर केली त्याला ढाल नाही. नोकरीत राहून बढतीची वाट पाहणाऱ्या माणसानं काय करावं अशी आपली अपेक्षा आहे?

हे झालं सरकारचं. पण दुसरी बाजू गावकऱ्यांची, आणि तिथे फथींचं पुस्तक वाचताना मी अनेकदा थबकलो. गुर्नेकरांना नवं गाव नकोच होतं. नाईलला पूर आला असताना त्यांच्यापैकी काहींनी बांध फोडून नव्या गावात पाणी सोडलं. फथींना त्यात आडमुठेपणा आणि चोरट्यांचा स्वार्थ दिसला. स्वार्थ होताच. पण ज्या माणसाचं उत्पन्न त्याच्या घराच्या तळघरात आहे, त्याला तुम्ही कितीही देखणं घर दिलंत तरी तळघर कुठे देणार? हुन्नर शाळा हे उत्तर चांगलं होतं. पण ते पाच-दहा वर्षांनी फळणारं, आणि पोट रोजचं.

शिवाय घुमट. न्युबियन छप्पर गुर्न्याचं नव्हतं. त्या भागात घुमट असतो तो पीर-अवलियांच्या कबरीवर. थडग्यांवरून उठवून तुम्ही आम्हांला थडग्यासारख्या घरात घालता काय, असं लोकांना वाटलं तर नवल नाही. तिथलं नेहमीचं छप्पर सपाट. ताडाचे ओंडके, वर बोरू आणि माती. त्यावर धान्य वाळवता येतं, उन्हाळ्यात झोपता येतं, मुलाचं लग्न ठरलं की वर खोली चढवता येते. घुमटावर काय चढवणार? आणि पाण्याचा मुद्दा. फथींनी घरोघर नळ न देता चौकात हातपंप ठेवणं पसंत केलं, कारण पाण्याला जाताना मुलींना मोकळा श्वास मिळतो, लग्नाच्या मुलांच्या नजरेस त्या पडतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. निरीक्षण अचूक असेलही. आपल्या लावण्या-गवळणींतला पाणवठाही तेच सांगतो. पण डोक्यावर हंडा घेतलेल्या बाईला विचारलं असतं तर तिनं नळच मागितला असता. गावातल्या बायकांपर्यंत पोहोचायला त्यांना समाजशास्त्राची जाणकार मदतनीस हवी होती, ती त्यांना दिली गेली नाही, हेही नोंदवायला हवं.

गुर्न्यानंतर फथींनी शाळांच्या बांधकाम खात्याचं काम पाहिलं, पुन्हा शिकवलं, पुन्हा अडकले. १९५२ ला राजा गेला, नासर आले. समाजवादी राजवटीला गरिबांच्या घरांचं वावडं नव्हतं, पण तिला ती झटपट, हजारोंनी आणि आधुनिक दिसणारी हवी होती. माती म्हणजे मागासलेपण. स्वतंत्र झालेल्या प्रत्येक देशात हे झालंय. १९५७ मध्ये देश सोडून ते अथेन्सला गेले, डॉक्सियाडिस यांच्या संस्थेत. इस्लामाबाद शहर आखणारे ते हेच डॉक्सियाडिस. काही वर्षांनी परतले.

१९६४ मध्ये कैरोच्या इमारत संशोधन केंद्रात एक प्रयोग झाला. शेजारी शेजारी दोन नमुने, एक मातीच्या विटांचा आणि कमानदार छताचा, दुसरा तयार काँक्रीटच्या पातळ फळ्यांचा. मार्चच्या एका दिवशी मोजलं तर मातीच्या खोलीतलं तापमान चोवीस तासांत २१ ते २३ अंशांच्या आत राहिलं. काँक्रीटची खोली ३६ अंशांवर गेली, बाहेरच्या हवेपेक्षाही सुमारे नऊ अंश जास्त. आज आपण पंखा आणि एसीची बिलं भरतो, त्यामुळे हा आकडा लगेच समजतो. पण इथेही जमाखर्चाची मेख आहेच. घर बांधणारा एक, उकाडा सोसणारा दुसरा. बांधणाऱ्यानं जाड भिंत घालून जागा आणि मजुरी जास्त खर्चायची आणि गारवा भाडेकरूनं खायचा, हे त्याला का परवडावं? हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा सात-आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटच्या कारखान्यांचा आहे, हे तर फथींच्या काळात कुणी मोजतही नव्हतं. त्याचं बिल कोणाच्याच नावावर फाटत नाही.

१९६७ मध्ये खार्गा ओअॅसिसमध्ये त्यांना दुसरी संधी मिळाली. वाळवंटात खोल विहिरीला पाणी लागलं होतं आणि २५० कुटुंबांचं न्यू बारिस हे गाव वसवायचं होतं. भाजीपाला टिकावा म्हणून त्यांनी बाजाराखाली कोठ्या काढल्या आणि वर वारा पकडणारे मनोरे उभारले. वीज नाही, यंत्र नाही, तरी कोठी बाहेरच्यापेक्षा पुष्कळ थंड. जूनमध्ये इस्रायलशी युद्ध पेटलं आणि काम थांबलं ते कायमचं.

सरकारी खात्यानं १९६९ मध्ये कैरोत छापलेलं त्यांचं गुर्न्याचं पुस्तक १९७३ मध्ये शिकागोहून 'आर्किटेक्चर फॉर द पुअर' या नावानं पुन्हा निघालं, आणि वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी हा माणूस जगप्रसिद्ध झाला. १९८० मध्ये आगा खान पारितोषिकात खास सन्मान आणि त्याच वर्षी सुरू झालेलं राइट लाइव्हलीहूड पारितोषिक, १९८४ मध्ये जागतिक वास्तुशिल्पी संघटनेचं सुवर्णपदक. गंमत अशी की गरिबांसाठी शोधलेली ही घरं या काळात मागत होते ते सधन, सुशिक्षित लोक. विश्रांतीची घरं, चित्रकारांची घरं. त्यांच्याकडे पुरेसं काँक्रीट वापरून झालं होतं, माती वापरून त्यांची प्रतिष्ठा कमी होणार नव्हती. गरिबाला ही चैन परवडत नाही. त्याचं घर मातीचं असेल तर तो गरीब ठरतो, सोयरिकीला आलेले पाहुणे परत जातात. अमेरिकेत न्यू मेक्सिकोत १९८० च्या सुमारास दार अल इस्लाम वसाहतीची मशीद त्यांनी बांधली तेव्हा न्युबियन गवंडी तिकडे नेले. मजुरी महाग असलेल्या देशात मात्र ही माती स्वस्त पडत नाही. तिची सारी स्वस्ताई हातांच्या किमतीवर उभी आहे, आणि हे गणित आपल्याकडेही बदलत चाललंय. आज मजूर मिळत नाही ही तक्रार कोणत्या गावात नाही?

शेवटची वर्षं फथींनी जुन्या कैरोत, दर्ब अल लब्बाना गल्लीतल्या एका जुन्या वाड्यात काढली. खाली बोळ, वर किल्ला, घरभर मांजरं, आणि जगभरातून जिने चढून येणारे विद्यार्थी. ३० नोव्हेंबर १९८९ ला ते गेले.

नव्या गुर्न्याचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. कुटुंबं वाढली, तसे लोकांनी घुमट उतरवले आणि काँक्रीटचे मजले चढवले. जमिनीतला ओलावा आणि क्षार भिंतींत चढून विटा झडल्या. २०१० मध्ये जागतिक स्मारक निधीनं या गावाचं नाव धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत घातलं, आणि युनेस्कोच्या मदतीनं तिथल्या सार्वजनिक इमारतींची डागडुजी हाती घेतली गेली. टेकडीवरचं जुनं गुर्ना २००६ च्या अखेरीपासून बुलडोझरनं पाडण्यात आलं. लोकांना उत्तरेकडच्या नव्या वसाहतीत हलवलं. यावेळी नळ होते, वीज होती, आणि घरं ओळीत होती.

आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली ती जाड दगडी भिंती आणि वरच्या मातीच्या माळवदाखाली. दोष वाईट सांधणीचा होता, भिंतीत आडवे बांधून घेणारे दगड नव्हते, वर दरवर्षी मातीचा थर चढत गेला होता. पण लोकांच्या मनात गुन्हेगार ठरली ती माती आणि दगड. पन्नासहून अधिक गावं हलली आणि नव्या जागी सिमेंट आलं. ज्याचं माणूस ढिगाऱ्यातून काढलं त्याला तपमानाचे आकडे सांगायला कोण जाणार? तरीही तिकडे दक्षिणेत, ऑरोव्हिलमध्ये, दाबून केलेल्या मातीच्या विटांवर काम चालू राहिलं. न्युबियन पद्धतीत सुधारणा करून तिथे मोठाली छतं घातली गेली. तिथल्या अभ्यागत केंद्राच्या इमारतीला १९९२ मध्ये पारितोषिक मिळालं ते हसन फथींच्याच नावाचं.

पण १६४ पौंडांच्या घराचा खरा वारस मला दिसला तो पश्चिम आफ्रिकेत, बुर्किना फासोमध्ये. तिथेही जंगल संपलं, लाकूड संपलं आणि पत्र्याची तापणारी छपरं आली. २००० पासून एक संस्था तिथल्या गावकऱ्यांना न्युबियन छत शिकवते आहे. तिनं गावं वसवली नाहीत. गवंडी तयार केले आणि त्यांना गिऱ्हाईक मिळेल अशी व्यवस्था केली. शेतीचा हंगाम संपला की शेतकरी गवंडी होतो, घरमालक स्वतः विटा पाडतो, आणि रोख रक्कम जाते ती गावातल्याच माणसाच्या हातात. गवंड्याचं पोट त्या छतावर चालतं, म्हणून पुढचं गिऱ्हाईक तो स्वतःच शोधून आणतो. आजवर अशी हजारो छतं झाली आहेत. आणि एक बदल त्यांनी केला आहे. दोन कमानींमधल्या खाचा मातीनं भरून वरून छत सपाट करता येतं. त्याला बाहेरून जिना असतो. उन्हाळ्याच्या रात्री घरातली माणसं चटया घेऊन वर झोपायला जातात.